सोसायटीत कुत्रा पाळताय? मग हे कराच

पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्या, नंतर बूस्टर आणि मग डॉक्टर सांगतील तसं दरवर्षी, आणि ते कार्ड जपून ठेवा, महापालिकेच्या लायसन्सला लागतं. खाली नेताना पट्टा आखूडच धरा, तो लांब सुटणारा पट्टा जिन्यात नि पार्किंगमध्ये नको, कारण लिफ्टचं दार उघडतं नि समोर लहान मूल उभं असतं, तेव्हा तुमच्या हातात एक सेकंदच असतो. म्हणून लिफ्टमध्ये कुत्रा कोपऱ्यात, मध्ये तुम्ही, आणि कोणी घाबरत असेल तर सरळ पुढची लिफ्ट घ्या. "आमचा काही करत नाही हो" असं प्लीज म्हणू नका, समोरच्याची भीती खरी असते.

तरीही चावलाच तर वाद नंतर घाला, आधी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण 15 मिनिटं धुवा, हळद-चुना-तिखट काही लावू नका, आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या, सरकारी दवाखान्यातही लस मिळते. जखम छोटी दिसली तरी जायचंच, कारण रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. आणि हो, कुत्र्याबाबत निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.