घरखर्चाचं बजेट जूनमध्ये का कोसळतं? या चुका टाळा

दर एप्रिलमध्ये नात्यातलं नाहीतर ओळखीतलं कोणीतरी नवी वही घेऊन माझ्याकडे येतं. पगार, घरभाडं, किराणा, दूध, सगळं नीट मांडलेलं असतं. पाकिटंही आणलेली असतात, वर 'भाजी', 'औषधं', 'रिक्षा' असं लिहून. जुलै उजाडला की तीच माणसं म्हणतात, "ताई, आम्हाला नाही जमलं." वही उघडली की चूक बहुतेक वेळा तीच निघते. ती दरवर्षी बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण पैसे कमी पडायची वेळ टाळता आली असती.

वर्षाचे खर्च वहीत नसणं

महिन्याचं बजेट म्हणजे दर महिन्याला येणाऱ्या खर्चांची यादी, असा समज असतो. आमचाही होता. २०१२ सालच्या एप्रिल-मेमध्ये आमची वही अगदी देखणी होती. मे संपताना सात हजार शिल्लक राहिले, म्हणून आम्ही कूलर घेतला. मग जून आला. मुलाची पहिल्या सत्राची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश, रेनकोट, स्कूटरचा विमा आणि आयुर्विम्याचा वार्षिक हप्ता, सगळं एका पंधरवड्यात. एकतीस हजार लागणार होते आणि हातात नऊ होते. आईनं लग्नात घातलेल्या पाटल्या सोनेतारण ठेवल्या, त्या सोडवायला अकरा महिने लागले. व्याज गेलं त्याचं दुःख होतंच. पण त्या यादीत एकही खर्च अचानक आलेला नव्हता, हे जास्त लागलं. शाळा जूनमध्ये सुरू होते हे आम्हाला ठाऊक नव्हतं का?

तेव्हापासून जानेवारीत मी भिंतीवरचं कालनिर्णय काढून जमिनीवर पसरते आणि एकेक महिना बघत जाते. समजा, शाळेचे ३६,००० निघाले, विम्याचे हप्ते २४,०००, दिवाळी १५,०००, गावची जत्रा आणि लग्नाचे आहेर १२,०००, गाडीचा विमा-सर्व्हिसिंग ९,००० आणि मालमत्ता कर ६,०००. बेरीज १,०२,०००. बारानं भागलं की महिन्याचे ८,५००. पगार झाला की घरभाड्याच्याही आधी हे ८,५०० दुसऱ्या बँकेतल्या खात्यात जातात. त्या खात्याचं एटीएम कार्ड मी घेतलेलंच नाही आणि फोनलाही ते जोडलेलं नाही.

इथे घाई करणारे हमखास अडकतात. एप्रिलमध्ये सुरुवात करून बारानं भागलं, तर जूनपर्यंत एप्रिल आणि मेचे मिळून १७,००० जमतात आणि शाळेला हवेत ३६,०००. म्हणजे पहिल्या वर्षी बाराचा भागाकार चालत नाही. सर्वात जवळच्या खर्चाला जितके महिने उरलेत, तितक्यांनीच त्या खर्चाची रक्कम भागायची. ते झेपत नसेल तर शाळेशी मे महिन्यातच हप्त्यांचं बोलून घ्या. जुलैपासून सुरुवात केलीत तर सर्वात सोपं, कारण पुढचा जून अकरा महिने लांब असतो.

सणांच्या तारखा सरकतात, हेही धरा. २०२५ ची दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यानंतर आली, म्हणजे फराळ आणि कपडे सप्टेंबरच्या पगारातून. २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, म्हणजे तोच खर्च ऑक्टोबरच्या पगारातून. शिवाय २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, तेव्हा लेक-जावयाचं वाण नेमकं शाळेच्या फीच्या तोंडावर.

मोबाइलचा रिचार्ज २८ दिवसांचा असेल तर तो वर्षातून तेरा वेळा येतो. बारा वेळा धरू नका.

पाकिटात रोख, पैसे फोनवरून

भाजीच्या पाकिटात महिन्याचे तीन हजार ठेवायचे आणि मंडईत गेल्यावर सुट्टे नाहीत म्हणून फोनवरून कोड स्कॅन करायचा. पाकीट भरलेलं दिसतं, मन निर्धास्त असतं, आणि वीस तारखेला बँकेतून मेसेज येतो की शिल्लक संपत आली. माझ्या भाचीनं सलग चार महिने असंच केलं. पाकिटातले पैसे उरले म्हणून तिनं त्यातून कुर्ते घेतले. भाजीचे पैसे खात्यातून आधीच गेले होते, त्यामुळे एकाच भाजीसाठी ठेवलेली रक्कम दोनदा खर्च झाली. यूपीआय २०१६ साली आलं, त्याआधी ही चूक करायची सोयच नव्हती.

फोन वापरूच नका, असं मी म्हणत नाही. माझी सवय सांगते. भाजीचे १४० फोनवरून दिले, तर घरी आल्यावर पिशवी ओट्यावर ठेवायच्या आधी भाजीच्या पाकिटातले १४० काढून एका स्टीलच्या डब्यात टाकते. डब्यावर 'बँकेचे' अशी चिठ्ठी आहे. पुढच्या महिन्यात एटीएममधून पैसे काढताना डब्यात जितके असतील तितके कमी काढते. पाकीट खरं बोलायला लागतं. हे "नंतर एकदम करू" म्हणणाऱ्यांचं कधीच होत नाही. तीन दिवसांनी १४० होते की १८० हेच आठवत नाही.

यूपीआय लाइट, म्हणजे किरकोळ खर्चासाठी फोनमध्ये वेगळे पैसे भरून ठेवायची सोय, वापरणाऱ्यांनी जास्त सांभाळायला हवं. त्यात एका वेळी ५,००० पर्यंत भरता येतात, आणि पासबुकात फक्त ती भरलेली रक्कम दिसते. चहा, रिक्षा, इस्त्री यांच्या ओळी तिथे येत नाहीत. महिनाअखेरीला पासबुक बघून हिशेब लावणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

आणि पाकिटं पाचशेच्या नोटांनी भरू नका. मोडलेली नोट घरात टिकत नाही. मी बँकेच्या काउंटरवर शंभर आणि पन्नासच्या नोटा मागून घेते, रांग लागली तरी.

थोडक्यात, पण महत्त्वाचं

एका पाकिटातून दुसऱ्यात उसने घेतले तर आत चिठ्ठी टाका. चिठ्ठीशिवाय घेतलेले उसने परत गेलेले मी पाहिलेले नाहीत.

'इतर' हा कप्पा किराण्यापेक्षा मोठा झाला असेल, तर तो फोडून बघा. आत एखादा रोजचा खर्च लपलेला असतो.

भिशीचा हप्ता वहीत धरा. भिशी लागली की ती रक्कम उत्पन्न म्हणून लिहू नका, ते तुमचेच पैसे आहेत.

घरातल्या दोघांनाही हिशेब न विचारता खर्चायला थोडे पैसे हवेत. ते नसतील तर खोट्या नोंदी सुरू होतात.

५०-३०-२० चं सूत्र, म्हणजे उत्पन्नातले ५० टक्के गरजांना, ३० हौसेला आणि २० बचतीला, मला कोणीतरी दर महिन्याला पाठवतं. ठाण्यात भाड्यानं राहून अठ्ठावीस हजारांत घर चालवणाऱ्या माणसाचं भाडं आणि किराणाच पन्नास टक्क्यांच्या पुढे जातो, मग त्याला उगाच वाटतं की आपलंच चुकतंय. खर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या अ‍ॅपचंही तसंच. अ‍ॅप मेसेज वाचून 'एटीएम २,०००' लिहितं, त्या दोन हजारांचं काय झालं हे त्याला कळत नाही. पहिले तीन महिने काहीही कमी न करता नुसतं लिहा. हे ऐकायला कोणाला आवडत नाही, पण स्वतःचे आकडे हाताशी नसताना ठरवलेली मर्यादा दुसऱ्या आठवड्यातच मोडते.

शेवटची चूक म्हणजे पाच-पन्नास रुपयांचा मेळ बसत नाही म्हणून अख्खी वही टाकून देणं. माझ्याकडे 'नोंद नाही' अशी एक ओळ आहे. महिन्याला दोनशेपर्यंतची तफावत मी तिथे लिहून पान उलटते. दोनशेच्या वर गेली तर रविवारी सकाळी दोघं बसतो, पाकिटं रिकामी करतो आणि पहिल्या तारखेपासून पुन्हा मोजतो.