बंद कारखान्यांच्या शहरात विद्यापीठ आणि वस्ती: या चुका टाळा

विद्यापीठाकडून वस्तीने फक्त सर्वेक्षणाची अपेक्षा ठेवणं, ही सर्वांत महागात पडणारी चूक. विद्यापीठ रोज खरेदी करतं, माणसं कामावर ठेवतं. पोलाद उद्योग ढासळलेल्या अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात २००८ मध्ये हाच धागा पकडून 'एव्हरग्रीन' सहकारी संस्था उभ्या राहिल्या. पाठीशी केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठ, मोठी रुग्णालयं आणि महापालिका. पहिलं काम कपडे धुण्याचं: आसपासच्या गरीब वस्त्यांतली माणसं कामाला लागली आणि पगारातून थोडी थोडी रक्कम कापून भागधारक झाली.

पण नावं मोठी असली तरी मोठी ऑर्डर लगेच येत नाही. रुग्णालयांचे धुलाईचे करार आधीच दुसऱ्यांशी झालेले असतात. क्लीव्हलँड क्लिनिक या मोठ्या रुग्णालयाने आपला धुलाई कारखाना एव्हरग्रीनच्या हाती दिला तो २०१८ मध्ये, म्हणजे तब्बल दहा वर्षांनी. म्हणून पहिल्याच बैठकीला कुलगुरूंसोबत खरेदी विभागाचा अधिकारी हवाच. चालू करार कधी संपतो आणि निविदेचे छोटे भाग पाडता येतील का, हे त्याच्याकडून लेखी घ्या.

दुसरी चूक जागेची. फिलाडेल्फियात १९६०च्या दशकात विद्यापीठ परिसराच्या विस्तारासाठी 'ब्लॅक बॉटम' ही कृष्णवर्णीयांची वस्ती उठवली गेली. तिथल्याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १९९२ मध्ये समाज-भागीदारीचं केंद्र काढलं, काम चांगलं केलं. तरी जुन्या रहिवाशांचा अविश्वास समजण्यासारखा आहे. पुढे विद्यापीठाच्या मदतीने २००१ मध्ये चांगली शाळा सुरू झाली आणि तिच्या हद्दीतली घरं महागली. सुधारणा करायची असेल तर भाडेकरूंच्या संरक्षणाचं आधी ठरवा, मग शाळा-बागा.

लोक बैठकीला येईनासे झाले? आधीच्या अहवालाची मराठी प्रत त्यांना मिळाली होती का, ते बघा. बहुधा नसतेच. सत्र संपलं की विद्यार्थी जातात, म्हणून वस्तीत ओळखीचा एक कायमचा माणूस पगारावर ठेवा.

आपल्या गिरणगावात हे फार जाणवतं. १९८२च्या संपानंतर आठवणी पुष्कळ नोंदवल्या गेल्या, त्या हव्याच होत्या. पण १९९१च्या विकास नियंत्रण नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा मोठा वाटा मोकळ्या जागांना आणि घरांना मिळणार होता. २००१च्या दुरुस्तीने तो फक्त रिकाम्या जमिनीपुरता उरला. अशा नियमदुरुस्तीचा मसुदा निघतो तेव्हा वास्तुकलेच्या आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांनी संध्याकाळी चाळीत बसून तो मराठीत समजावून सांगावा आणि मुदतीच्या आत रहिवाशांच्या हरकती-सूचना भरून द्याव्यात.