अंगणात जुन्या काँक्रीटचा चुरा टाकायचाय? किती ब्रास, ते असं काढा

पेव्हरखाली नायतर गाडी लावायच्या जागेवर पाडलेल्या काँक्रीटची खडी टाकायची म्हटलं की ट्रॅक्टरवाला म्हणेल तेवढं मागवायचं, मग एकतर कमी पडतंय नायतर ढीग महिनाभर दारात.

हिशोब सोपा हाय. लांबी फुटात × रुंदी फुटात × थर इंचात, भागिले 1200, उत्तर सरळ ब्रासमध्ये (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट). 20 बाय 15 चं अंगण, 4 इंच थर, बरोबर 1 ब्रास. जागा वाकडीतिकडी असली तर चौकोन पाडून बेरीज करा.

हा झाला दाबलेला थर. रोलर फिरवला की माल बसतोय, म्हणून वर 15 ते 20 टक्के जास्त धरा, म्हणजे सव्वा ब्रास सांगून मोकळं व्हा. खानापूर साईडला पावसात माती लई मऊ होतीय, तिथं थरच 6 इंच धरलेला बरा. टनावर विकत असतील तर ब्रासला साधारण 4 ते साडेचार टन.

फक्त एक, ट्रॉली रिकामी असतानाच आतनं टेपनं मोजून घ्या, वरचा ढीग बघून ब्रास मान्य करू नका.