प्रोटियसवर काम करणार असाल तर आधी बाटलीतली युरिन तपासा

डेझर्टेशनला किंवा पीएच.डी.ला कॅथेटर-बायोफिल्म (लघवीच्या नळीत जमणारा बॅक्टेरियाचा चिकट थर) घेतलंय ना? मग बायोफिल्म म्हणजे काय, युरिएज टेस्ट कशी लावतात, हे तुम्हाला येतं असं धरून चालते.

कॅथेटर तुंबण्यातला मुख्य गुन्हेगार प्रोटियस मिराबिलिस हा बॅक्टेरिया. तो युरिएज या एन्झाइमने युरिया फोडतो, अमोनिया सुटतो, युरिनचा पीएच चढतो. मग मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेट, म्हणजे स्ट्रुव्हाइट, आणि कॅल्शियम फॉस्फेट खाली बसायला लागतं. इथपर्यंत सगळे घडाघडा सांगतात. पण नवीन मुलं (मीसुद्धा) सगळं लक्ष बॅक्टेरियावर ठेवतात आणि युरिनकडे कोणी बघत नाही. कॅथेटर तुंबणं हा निम्मा केमिस्ट्रीचा मामला आहे.

ज्याच्यापायी माझं जवळजवळ पहिलं वर्ष गेलं तो सापळा सविस्तर सांगते. आर्टिफिशियल युरिन बनवताना सगळे घटक एकाच फ्लास्कमध्ये घालून ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करायचे नाहीत. आमच्या लॅबच्या जुन्या वहीत तसंच लिहिलं होतं आणि वर्षानुवर्षं कोणाला शंका आली नव्हती. उष्णतेने युरियाचा काही भाग फुटतो, अमोनिया तयार होतो, पीएच वर जातो. म्हणजे प्रोटियसने करायचं काम ऑटोक्लेव्हच करून टाकतो! फ्लास्क थंड झाला की तळाशी पांढरा गाळ दिसतो. ‘हलवून घ्या, विरघळेल’ म्हणणारे भेटतील, ऐकू नका. तो गाळ ट्यूबमध्ये जातो, कॅथेटरमध्ये बसतो, आणि बॅक्टेरिया न घातलेल्या कंट्रोलमध्येही खडे दिसतात. गाळ गाळून टाकलात तर आणखी वाईट, कारण कॅल्शियम-मॅग्नेशियम त्याच्याबरोबर गेलं. मग प्रोटियसला खडे करायला मीठच कमी पडतं आणि तुम्हाला वाटतं आपलं औषध लागू पडलं.

म्हणून युरिया वेगळा, ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून. कॅल्शियम आणि फॉस्फेटही एकत्र तापवू नका. थंड झाल्यावर मिसळा, पीएच ६.१ च्या आसपास आणा, आणि बाटली काळ्या कागदासमोर धरून बघा. किंचित गढूळ वाटली तरी ओतून द्या. जीव जळतो, पण द्या.

मॉडेलबद्दल. कार्डिफच्या डेव्हिड स्टिकलर यांच्या गटाने वापरात आणलेलं काचेचं ‘ब्लॅडर’ अजून चालतं: बाहेरून ३७ अंशांचं पाणी, खालून घातलेला फोली कॅथेटर (टोकाशी फुगा असलेली नळी), फुगा फुगवलेला, वरून पंपाने थेंबथेंब युरिन. मिनिटाला अर्धा मिली म्हटलं तरी एका मॉडेलला दिवसाला ७२० मिली लागतं. तीन मॉडेल म्हणजे दोन लिटरच्या वर, रोज. हे आधी कोणी सांगत नाही.

९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये बायोफिल्म वाढवून, ती मोजायला क्रिस्टल व्हायोलेट हा रंग टाकून शॉर्टकट मारायचा मोह होईल. माझं स्पष्ट मत: प्राथमिक चाचणीला ठीक, पण त्यावर ‘कॅथेटर तुंबणं थांबलं’ असा निष्कर्ष काढू नये. तिथे प्रवाह नाही, कॅथेटरचं टोकाजवळचं छिद्र नाही, आणि थोडासा युरिया लगेच संपतो. खरा आकडा एकच, ब्लॉक व्हायला किती वेळ लागला. आणि प्रोटियसचा युरिएज नसलेला म्युटंट (जनुक बदललेला प्रकार) तुलनेसाठी शेजारी लावलाच पाहिजे. हा कंट्रोल मागणारा गाईड मिळाला तर नशीब समजा. फक्त ‘पेपर कधी देतेस’ विचारणारा मिळाला तर लॅब असिस्टंटशी मैत्री करा, त्यांना जास्त माहीत असतं.

चांदीच्या लेपाचे कॅथेटर वाचून हुरळून जाल. प्रोटियसपुढे ते फारसे टिकत नाहीत. युरिनमध्ये तयार झालेले खडे लेपावर बसतात, बॅक्टेरिया खड्यांवर बसतात, चांदीचा संबंधच येत नाही. पहिला रन ब्लॉक झाला की कॅथेटर ब्लेडने उभा चिरून बोट फिरवा, ग्लोव्हज घालून अर्थात. छिद्राच्या लगेच खाली रवाळ पांढरा थर लागतो, त्यापुढे नळी बऱ्यापैकी मोकळी. इतकीशी जागा सगळा खेळ बिघडवते.

घाबरू नका, एकदा युरिन जमली की आकडे जुळायला लागतात. न्यूक्लिएशन पीएच, म्हणजे ज्या पीएचला क्षार खाली बसू लागतात तो, मोजायला शिका. अल्कली थोडी थोडी घालत गढूळपणा बघायचा, बस्स. भरपूर पाणी प्यायल्याने आणि सिट्रेटमुळे (लिंबूपाणी त्यातलंच) तो वर सरकतो, हे कळलं की आपण काय मोजतोय ते नीट उमगतं. जमल्यास एकदा वॉर्डात जाऊन या. मणक्याच्या दुखापतीचे पेशंट, कॅथेटर तुंबला की बाजूने गळती, फुगलेलं ब्लॅडर, मग किडनीपर्यंत इन्फेक्शन. सिस्टरना विचारा, कोणाचा नेहमी तुंबतो ते त्या न बघता सांगतात.

आणि रन शुक्रवारी लावू नका. प्रोटियस भरपूर घातला तर साधारण दिवस-दोन दिवसांत ब्लॉक होतो, म्हणजे नेमका शनिवारी रात्री, लॅबला कुलूप. पंपाला इन्व्हर्टर नसेल तर वीज जाण्याचं वेळापत्रकही आधी बघून घ्या, कारण पंप मध्येच थांबला की ब्लॉक होण्याची वेळ मोजण्यात अर्थ उरत नाही.