अन्य भाषेतील प्रार्थना आणि मंडळीला कळणारी उपासना

कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली या भागांत भाड्याच्या सभागृहात भरणाऱ्या ख्रिस्ती संगतींमध्ये (उपासनेच्या सभांमध्ये) मराठी, तमिळ, मल्याळम आणि हिंदी बोलणारी माणसे एकाच रांगेत बसलेली असतात. अशा सभेत कोणी अन्य भाषेत प्रार्थना करू लागले, की ही पवित्र आत्म्याने दिलेली, न शिकता बोलली जाणारी भाषा आहे की शेजाऱ्याची मातृभाषा, हेही नव्याने आलेल्या माणसाला कळत नाही. म्हणून ज्या मंडळीत (चर्चमध्ये) अशी भाषा हे देवाचे दान मानले जाते, तिने त्याची व्यवस्था आधीच ठरवून ठेवावी.

आधार बायबलमधील करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १४ व्या अध्यायाचा घ्यावा आणि तो संपूर्ण अध्याय वडिलांच्या (मंडळीच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांच्या) बैठकीत मोठ्याने वाचावा. तेथे पत्र लिहिणारा प्रेषित पौल या दानाचा विरोधक म्हणून बोलत नाही. आपण तुम्हा सर्वांपेक्षा अधिक भाषा बोलतो, असे तो स्वतःच सांगतो, आणि तरीही मंडळीत दहा हजार न कळणाऱ्या शब्दांपेक्षा समजणारे पाच शब्द बोलणे त्याला बरे वाटते. त्याचा नियमही स्पष्ट आहे: दोघांनी, फार तर तिघांनी, पाळीपाळीने बोलावे आणि एकाने अर्थ सांगावा, अर्थ सांगणारा नसेल तर बोलणाऱ्याने सभेत गप्प राहून स्वतःशी व देवाशी बोलावे.

आपल्याकडे हा नियम पाळायचा, तर माझ्या मते पहिला निर्णय माईकचा असतो. आपल्या जागी हळू आवाजात केलेली प्रार्थना ही त्या व्यक्तीची आणि देवाची गोष्ट आहे. माईकवरून जे जाते ते मात्र सर्वांसाठी असते आणि त्याला सर्वांनी ‘आमेन’ म्हणायचे असते. न कळलेल्या उपकारस्तुतीला ऐकणाऱ्याने आमेन कसे म्हणावे, हा पौलाचाच प्रश्न आहे. त्यामुळे अर्थ सांगणारी व्यक्ती सभेत आहे, हे ठाऊक असल्याखेरीज उपासना चालवणाऱ्याने अन्य भाषेतील प्रार्थनेसाठी माईक देऊ नये, आणि गीतांच्या शेवटी वाद्ये चढत असताना तर स्वतःही माईकवरून अन्य भाषेत बोलू नये. सुरुवातीला हे मलाही कठोर वाटत असे.

अर्थ सांगणाऱ्याने साध्या मराठीत, थोडक्यात बोलावे. त्या अर्थातून कोणाचे लग्न, नोकरी, आजार किंवा पैसा यांविषयी आज्ञा निघू लागली, तर पाळकांनी (पास्टरांनी) तेथेच नम्रपणे थांबवून तो विषय वडिलांकडे घ्यावा, कारण अशा शब्दांनी घरे दुखावतात.

कोणी भरात बोलतच राहिले, तर व्यासपीठावरून त्यांचे नाव घेऊ नये; एखाद्या ताईंनी किंवा वडिलांनी जवळ जाऊन आवाज कमी करण्यास सांगावे. संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात, असे त्याच अध्यायात म्हटले आहे, म्हणजे बोलणाऱ्याला थांबता येते. मात्र भाषा बोलण्यास मनाई करू नका, हेही तेथेच लिहिलेले आहे.

नव्या लोकांसाठी आरंभी दोन वाक्ये पुरतात: “काही जण आपल्या जागी अन्य भाषेत प्रार्थना करतील. मोठ्याने कोणी बोलल्यास त्याचा अर्थ मराठीत सांगितला जाईल.”

हीच काळजी उरलेल्या उपासनेलाही लागू आहे, आणि तेथे आपण अधिक चुकतो. ‘नीतिमान ठरवणे’, ‘प्रायश्चित्त’, ‘अभिषेक’ हे शब्द आपल्याला सवयीचे असले, तरी पहिल्यांदा आलेल्या माणसाला ते अन्य भाषेइतकेच अनोळखी असतात; प्रत्येक शब्द पहिल्यांदा येताच एका वाक्यात उलगडावा. तमिळ किंवा मल्याळम उपदेशाचे भाषांतर व्हायचे असेल, तर वचने आणि मुद्दे भाषांतर करणाऱ्याला शनिवारीच द्यावेत आणि उपदेशकाने एकेक पूर्ण वाक्य बोलून थांबावे. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ति मिशनमध्ये १९०५ साली संजीवन (आध्यात्मिक जागृती) सुरू झाले आणि पुढे तेथे अन्य भाषांचेही अनुभव आले. त्याच केडगावात पंडिता रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकून, सामान्य बायकांना वाचता यावे म्हणून, १९२२ मधील मृत्यूपर्यंत पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणण्यासाठी झटत राहिल्या. अन्य भाषा आणि सोपी मराठी, दोन्ही गोष्टी एकाच अंगणात नांदल्या.

उपासनेनंतर चहाच्या वेळी नव्या व्यक्तीजवळ बसून “आज काय ऐकलेत?” असे विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत आपण मध्ये बोलू नये.