दहावी-बारावीनंतर अप्रेंटिस व्हायचंय? मग कराराचा कागद वाचायला शिका

कॉलेजला जायचं की अप्रेंटिसशिप करायची, हा घोळ आधी घरी निस्तरून घ्या. ‘निदान ग्रॅज्युएट तरी हो’ म्हणणाऱ्या काकांना एवढंच सांगा, की पदवीचं दार कुठे पळून जात नाही. दोन वर्षांचा आयटीआय केला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तर 1989 पासून नोकरी करत शिकणाऱ्यांसाठीच उभं आहे. उलटा प्रवास मात्र अवघड. मध्य रेल्वेच्या अप्रेंटिस भरतीला वयाची अट साधारण 15 ते 24 असते. आधी बी.ए., मग दोन वर्षं ‘काय करू’ आणि मग आयटीआय, असा फेरा घालून आलेला पोरगा तिथे बसतच नाही.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो. दर वर्षी बॅच बाहेर पडली की पोरापोरींना कंपन्यांत पाठवायचं काम माझ्याकडे असतं. त्यामुळे पुढचं सगळं फॅक्टरीच्या अंगानं लिहिलेलं आहे. बँकेतली किंवा ऑफिसातली अप्रेंटिसशिप इथे धरलेली नाही.

आधी आयटीआय की सरळ कंपनी?

सरळ दहावीवरूनही जाता येतं. मुंबईत जहाजं बांधणारं माझगाव डॉक आठवी पास, दहावी पास आणि आयटीआय पास अशा तीन गटांत अप्रेंटिस घेतं, त्यासाठी परीक्षा असते. पण अशा जागा मोजक्या. रेल्वेला दहावीला 50 टक्के आणि शिवाय आयटीआय लागतं. परीक्षा नसते, दोन्हीकडच्या मार्कांवर यादी लागते. महावितरणला वीजतंत्री, तारतंत्री, कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड) झालेले लागतात. ओझरचं विमानं बनवणारं एचएएल, अंबरनाथ-वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या, एसटीच्या कार्यशाळा, बहुतेक ठिकाणी हीच तऱ्हा. म्हणून माझं मत ठाम आहे, आधी आयटीआय करा. आयटीआयवाल्याची अप्रेंटिसशिप बहुतेक ट्रेडमध्ये वर्षभरात आटोपते. फ्रेशरला, म्हणजे आयटीआय न करता आलेल्याला, आधी मूलभूत प्रशिक्षण, मग प्रत्यक्ष काम, त्यामुळे त्याची जास्त लांबते.

ट्रेड निवडताना ‘सध्या कशाला स्कोप आहे’ असं विचारत फिरू नका. तुमच्या जवळच्या एमआयडीसीत कोणती मशिनं चालतात ते बघा आणि त्यातलं तुम्हाला काय जमेल ते घ्या.

पैशाचं आधीच स्पष्ट करून घ्या

2019 च्या नियमांत महिन्याचं किमान विद्यावेतन दहावी पासला 6000 आणि बारावी किंवा आयटीआय पासला 7000 रुपये ठरलं. दुसऱ्या वर्षी 10 टक्के आणि तिसऱ्या वर्षी 15 टक्के वाढ. आकडे सुधारत असतात, तेव्हा अर्जाच्या वेळी चालू आकडा सरकारच्या अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर पाहा. हे किमान आहे, कंपनी जास्त देऊ शकते आणि बऱ्याच देतातही. तरी चाकणला कॉट बेसिसवर राहून, मेस लावून किमान विद्यावेतनात भागत नाही, हे घरी आधीच सांगून ठेवा. कंपनीची बस आणि कँटीन आहे का, हा प्रश्न विद्यावेतनाच्या आकड्याइतकाच मोठा आहे.

नोंदणी

अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नाव नोंदवणं अर्ध्या तासाचं काम आहे. अडतं ते दोन ठिकाणी. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी, आणि कधी वडिलांचं नावच गायब असतं. ते आधी सरळ करून घ्या. दुसरं म्हणजे केंद्र सरकार विद्यावेतनातला 25 टक्के, जास्तीत जास्त 1500 रुपयांचा वाटा थेट तुमच्या खात्यात टाकतं. त्यासाठी खातं आधारला जोडलेलं लागतं. दोन बँकांत खाती असतील तर पैसे भलत्याच खात्यात जातात आणि पोरगं ‘आलेच नाहीत’ म्हणत बसतं.

करार

खरी मेख इथे आहे. पोरं कंपनीचं नाव बघतात, गेटवरची पाटी बघून फोटो काढतात आणि समोर येईल त्या कागदावर सही करून मोकळी होतात. मला स्वतःला हे कागद ओळखायला बरीच वर्षं लागली, कारण वरून सगळे सारखेच दिसतात. अप्रेंटिस, ट्रेनी, ‘शिका आणि कमवा’, सगळ्यांवर लेटरहेड, सगळ्यांवर शिक्का.

आधी मुळाशी जाऊ. शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिपचा, कायदा 1961 चा. 2019 च्या नियमांप्रमाणे 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, एकूण माणसांच्या अडीच ते 15 टक्के, आणि या हिशोबात कंत्राटी कामगारही धरतात. म्हणजे काही कंपन्या शिकवायला घेतात आणि काही नुसता आकडा भरायला. तुम्ही कुठल्या कंपनीत आलात ते कळायचं असेल तर करार वाचा.

करारावर पहिलं बघायचं ते आस्थापनेचं नाव. तुम्ही ज्या गेटातून आत जाणार त्या कंपनीचं नाव तिथे पाहिजे. तिथे मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराचं नाव दिसलं तर सही करण्याआधी थांबा आणि करार पोर्टलवर नोंदणार का ते विचारा. ‘नंतर करू’ हे उत्तर म्हणजे नाही.

दुसरं, ट्रेडचं नाव. तुम्ही फिटर असाल आणि कागदावर ‘असेंब्ली ऑपरेटर’सारखं काही असेल, तर तो कंपनीने ठरवलेला वैकल्पिक ट्रेड आहे. तो बेकायदा नाही, पण रेल्वेत आणि सरकारी कंपन्यांत ज्या प्रमाणपत्राला वजन आहे ते निर्देशित, म्हणजे सरकारने ठरवलेल्या, ट्रेडचं. रेल्वेत लेव्हल 1 च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पदांच्या, भरतीत 20 टक्के जागा रेल्वेतच कायद्याखाली अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना राखीव असतात. तिकडे डोळा असेल तर ट्रेडच्या नावावर तडजोड करू नका. समोरचा एचआरवाला ‘नाव काहीही असू दे, काम तेच आहे’ म्हणेल. काम तेच असेल तर नाव बदलायला त्याची हरकत नसावी.

तिसरं, कालावधी, ठिकाण आणि महिन्याचा आकडा. तिन्ही छापलेले हवेत, तोंडी नकोत. उमेदवार अल्पवयीन असेल तर पालकांची सही लागते. पालकांनी सही करण्याआधी वाचावं, किंवा वाचता येणाऱ्याला सोबत न्यावं.

यावरून माझा एक हुकमी ताळा सांगतो. पहिली पगार स्लिप हातात आली की पीएफची कपात शोधा. कायद्याखालच्या अप्रेंटिसला पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) लागू नाहीत. कपात दिसली तर कागदोपत्री तुम्ही अप्रेंटिस नाही, कामगार आहात, बहुतेक ठेकेदाराचे. पोरं याच कपातीवर खूश होतात, ‘सर, पीएफ पण सुरू झाला!’ अरे, मग तुझी अप्रेंटिसशिप सुरूच झाली नाही. ते काम वाईट असेल असं नाही, पण वर्षाअखेर ना परीक्षा, ना प्रमाणपत्र.

उलट बाजूही माहीत हवी. नोंदलेला अप्रेंटिस कायद्याने प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. कामावर इजा झाली तर भरपाईचा कायदा त्याला लागू आहे. पण पुढे नोकरी द्यायचं बंधन कंपनीवर नाही. ‘वर्ष काढ, मग पर्मनंट करू’ हे कोणी तोंडी म्हणालं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

आणि सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. सरकारी जाहिरातींत ओळ असते की आधी अप्रेंटिसशिप केलेले किंवा करत असलेले उमेदवार अपात्र. म्हणजे नोंदलेला करार हा तुमचा एकुलता एक डाव आहे. ऑगस्टमध्ये घाईघाईत कुठेतरी सही केली, दोन महिन्यांनी कंटाळून घरी बसला आणि जानेवारीत रेल्वेची जाहिरात आली, की पोर्टलवर जुना करार चालूच दिसतो. सोडायचंच असेल तर रीतसर लेखी कळवा, करार पोर्टलवर रद्द झाल्याचं स्वतःच्या लॉगिनमधून बघा आणि मगच घरी जा. मध्येच मोडलेल्या करारात भरपाई कोणाकडे लागते हेही कायद्यात आहे, म्हणून नुसतं गायब होणं कधीच नको. अडलं तर जिल्ह्याच्या आयटीआयशी जोडलेल्या बीटीआरआय केंद्रात, म्हणजे अप्रेंटिसांचं काम बघणाऱ्या सरकारी केंद्रात, जा. तिथे विचारायला पैसे पडत नाहीत.

पैशावरून आठवलं. अप्रेंटिसच्या जागेसाठी ‘जॉइनिंग फी’ मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. आणि 2024 ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, जिला लोक ‘लाडका भाऊ’ म्हणतात, ती वेगळी आहे. तिचं प्रमाणपत्र या कायद्याखालचं नाही.

आत गेल्यावर

वही ठेवा. रोज कोणत्या मशिनवर काय केलं, कोणतं माप घेतलं, चार ओळी. तीन महिने एकाच लाइनवर पेट्या उचलायला लावल्या तर ही वही घेऊन ट्रेनिंगवाल्या साहेबांकडे जा आणि मेंटेनन्स किंवा टूल रूमला बदली मागा. वहीशिवाय गेलात तर ती नुसती कुरकूर ठरते. मुली मागायला लाजतात आणि मग त्यांना क्वालिटीच्या टेबलावर बसवून ठेवतात. तुम्हीही मशिन मागा.

शेवटी

निर्देशित ट्रेडला अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा असते. फॉर्म कंपनीने भरायचा असतो, आणि कंपनी विसरते. मुदतीच्या महिनाभर आधीपासून एचआरच्या मागे लागा. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र आलं की त्यावरचं नाव, ट्रेड आणि तारखा करारासमोर धरून ताडून पाहा. चूक असेल तर कंपनीत ओळखीची माणसं आहेत तोवरच दुरुस्त करून घ्या.