जुन्या लॅपटॉपवर फ्रीबीएसडी टाकल्यावर हार्ड डिस्क बूट होत नाही? या चुका टाळा

फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमचं इन्स्टॉल शेवटपर्यंत नीट झालं, पेन ड्राइव्ह काढला, लॅपटॉप रीस्टार्ट केला आणि काळ्या स्क्रीनवर एकच ओळ: ऑपरेटिंग सिस्टीम सापडली नाही. इथे बहुतेक जण पेन ड्राइव्ह परत लावून पहिल्यापासून इन्स्टॉल करायला बसतात. सगळ्यात मोठी चूक हीच. तेच पर्याय निवडले तर निकालही तोच येणार, आणि बिघाड कुठे होता हे सांगणारा पुरावा तेवढा पुसला जाणार.

आधी बूट कुठे अडलं ते पाहा. बायोस (लॅपटॉप सुरू होताच चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचतो, त्यातला छोटा कोड बूट पार्टिशन शोधतो, तिथून लोडर येतो, लोडर कर्नल (सिस्टीमचा गाभा) उचलतो आणि कर्नल रूट फाइल सिस्टीम (सिस्टीमच्या मुख्य फाइल्सचा साठा) जोडून घेतो. संदेश बायोसचाच असेल तर दोष पहिल्या एक-दोन पायऱ्यांत आहे. तेव्हा ड्रायव्हर आणि कर्नलच्या मागे लागू नका. फ्रीबीएसडीचा मेनू दिसला तर पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांची यादी) आणि बूट कोड ठीक आहेत. 'माउंटरूट' असा प्रॉम्प्ट आला तर कर्नलही सुरू झालाय, त्याला फक्त रूट सापडत नाहीये.

पहिल्या पायरीवरची सर्वांत नेहमीची चूक म्हणजे नवं ते चांगलं म्हणून जीपीटी ही पार्टिशन टेबलची नवी पद्धत निवडणं. यूईएफआय (बायोसची नवी पिढी) नसलेल्या लॅपटॉपवरही फ्रीबीएसडी जीपीटीवरून बूट होते, पण प्रत्येक बायोसला ते पटत नाही. काही बायोस जीपीटी दिसली की डिस्क यूईएफआयची समजतात. काही 'ॲक्टिव्ह' खूण असलेलं पार्टिशन शोधतात आणि ते नसेल तर डिस्क सरळ सोडून देतात. ही अडचण इतकी जुनी आहे की इन्स्टॉलरच्या झेडएफएस या फाइल सिस्टीमच्या स्क्रीनवर 'जीपीटी + ॲक्टिव्ह' आणि 'जीपीटी + लेनोवो फिक्स' असे वेगळे पर्यायच दिलेत. माझं मत स्पष्ट आहे: बायोस जुना आणि डिस्क २ टेराबाइटच्या आत असेल तर एमबीआर ही जुनी पार्टिशन पद्धत घ्या. रॅम कमी असेल तर फाइल सिस्टीमही फ्रीबीएसडीची जुनी, हलकी यूएफएसच ठेवा.

जीपीटीवर इन्स्टॉल झालंच असेल तरी डेटा घालवायची गरज नाही. पेन ड्राइव्हवरून लाइव्ह शेल (इन्स्टॉल न करता चालणारी कमांड लाइन) उघडा, जीपार्ट या पार्टिशनच्या साधनाच्या 'जीपार्ट शो'ने डिस्कचा आराखडा पाहा आणि जीपार्टच्या 'सेट' कमांडने पूर्ण डिस्कला ॲक्टिव्ह खूण लावा. पार्टिशन हाताने केली असतील तर आणखी एक गोष्ट तपासा: बूट पार्टिशनमध्ये यूएफएससाठी 'जीपीटीबूट' आणि झेडएफएससाठी 'जीपीटीझेडएफएसबूट' हा बूट कोड लागतो. यांची अदलाबदल झाली तर बूट पुढे सरकत नाही.

डिस्कवर आधी विंडोज किंवा लिनक्स असेल तर फक्त सुरुवातीचे सेक्टर पुसून भागत नाही, कारण जीपीटीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. नव्याने सुरुवात करायचीच असेल तर 'जीपार्ट डिस्ट्रॉय' सक्तीच्या पर्यायासह चालवा. मात्र डिस्कचं नाव दोनदा वाचा, कारण यानंतर जुनी पार्टिशन हाती लागणार नाहीत.

डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या मशीनवर इन्स्टॉल करणं सोयीचं वाटतं, पण त्यात दोन खाचखळगे आहेत. यूएसबीवर डिस्कचं नाव 'डीए०' असतं, लॅपटॉपमध्ये ते 'एडीए०' होतं, आणि एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणती पार्टिशन जोडायची ते सांगणारी फाइल) जुनंच नाव राहतं. मग 'माउंटरूट'वर अडकतं. तिथे प्रश्नचिन्ह टाइप केलं की हजर असलेल्या डिस्कची यादी येते. त्यातलं खरं नाव 'यूएफएस:' लावून द्या, सिस्टीम चालू झाली की एफएसटॅब दुरुस्त करा. त्याऐवजी एफएसटॅबमध्ये लेबलच (पार्टिशनला दिलेलं कायमचं नाव) वापरलं तर हा प्रश्न येतच नाही. दुसरा खळगा फसवा आहे: काही केस ५१२ बाइटच्या डिस्कला ४०९६ बाइटचे सेक्टर असल्याचं दाखवतात. अशी डिस्क लॅपटॉपमध्ये गेली की पार्टिशन टेबलच वाचता येत नाही. मग लॅपटॉपमध्येच इन्स्टॉल करण्यावाचून गत्यंतर नाही.

काल बूट होणारी मशीन आज होत नसेल आणि घड्याळही भलतीच तारीख दाखवत असेल, तर सीमॉसचा सेल (बायोसची सेटिंग आणि घड्याळ जपणारी छोटी बॅटरी) संपलाय. पुष्कळ मॉडेलमध्ये तो सीआर २०३२ असतो. सेल गेला की बूट ऑर्डर आणि साटाचा (डिस्क जोडण्याच्या पद्धतीचा) मोड मूळ सेटिंगवर जातात.

प्रोसेसर ३२ बिटचा असेल तर फ्रीबीएसडी १५ घेऊ नका, त्यात आय३८६ची (३२ बिट पीसी प्रोसेसरची) आवृत्ती नाही. तिच्याच कुळातली नेटबीएसडी किंवा ओपनबीएसडी घ्या.

हे सगळं बरोबर असूनही कधी बूट होतं, कधी होत नाही, अशी गंमत चालू असेल तर स्मार्टमॉनटूल्स टाकून डिस्कची तब्येत पाहा. 'करंट पेंडिंग सेक्टर'चा (नीट वाचता न आलेल्या सेक्टरांचा) आकडा शून्याच्या वर असेल आणि वाढत असेल तर आधी बॅकअप घ्या. साटा लॅपटॉपमध्ये अडीच इंची एसएसडी बसते. आयडीई (साटाच्या आधीची जोडणी) लॅपटॉप असेल तर खरेदीआधी बायोसची मर्यादा पाहा, कारण ४८ बिट एलबीए (सेक्टरना क्रमांक देण्याची पद्धत) नसलेल्या बायोसला १३७ गिगाबाइटच्या पलीकडचं काही दिसत नाही. तिथे बूट पार्टिशन आणि कर्नल असलेलं पार्टिशन त्या हद्दीच्या आतच ठेवा.